‘खेडिव इस्माईल’वरच्या नर्सेस

महायुद्धात बुडालेल्या बोटींच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या. पण आम्हां नर्सेसना जी आपली वाटायला हवी, ती ‘खेडिव इस्माईल’ आमच्यातल्या फार थोड्या जणींना माहीत आहे.

ही प्रवासी बोट १९२२ साली स्कॉटलंडमध्ये एका चिली देशाच्या कंपनीसाठी बांधली. तेव्हा तिचं नाव ‘अकोंकाग्वा’. १९३५ मध्ये ती इजिप्तच्या कंपनीने घेतली आणि ज्याच्या राज्यात सुएझ कालवा खुला झाला त्या खेडिवाचं नाव तिला दिलं. १९४० साली ब्रिटिश सरकारने ती फौजेसाठी घेतली व चालवायला दिली ब्रिटिश इंडिया कंपनीला, म्हणजे आपल्या मुंबईच्या ओळखीच्या ‘बी. आय.’ला. त्यामुळे हिंदी खलाशीही बोटीवर होते. केबिनी अधिकाऱ्यांना व बायकांना, आणि साधे सोल्जर खाली, दाटीवाटीने.

फेब्रुवारी १९४४. बोट मोंबासाहून कोलंबोला निघाली होती. एकंदर १,५११ माणसं. त्यांत बरेचसे पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्याचे जवान, आणि पन्नासच्या वर नर्सेस. आफ्रिकन फौज ब्रह्मदेशात लढायला जाणार, तर जखमींना सांभाळायला कोणीतरी हवंच ना!

१२ तारखेला दुपारी, मालदीवजवळ, जपानी पाणबुडी ‘आय-२७’ने दोन टॉर्पेडो मारले. त्या वेळी आत गाण्याबजावण्याचा कार्यक्रम चालू होता. बोट दोन-तीन मिनिटांत गेली. एवढ्या वेळात आम्ही वॉर्डातला एक पेशंटसुद्धा जिन्याने खाली नेऊ शकत नाही. १,२९७ माणसं मेली. त्यांत ७७ बायका. वाचले २०८ पुरुष आणि ६ बायका.

पुढचं लिहायला जड जातं. पाणबुडी खालीच होती आणि काफिल्यातल्या बाकीच्या बोटींवरही हजारो माणसं होती. म्हणून ‘पेटार्ड’ या विनाशिकेने माणसं पाण्यात तरंगत असतानाच पाणबुडीवर सुरुंग टाकले. ‘पॅलाडिन’ने होड्या सोडून जमेल तेवढ्यांना उचललं. शेवटी पाणबुडी वर आली आणि ‘पेटार्ड’च्या टॉर्पेडोने बुडाली.

यावर लोक अजून वाद घालतात. १९७३ च्या युद्धात आमच्यातल्या काही जणी इथल्या इस्पितळांत ड्यूटीवर होत्या. कोणाला आधी घ्यायचं, कोणाला थांबवायचं, हे दारातच ठरवावं लागे. त्या कप्तानाला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. पण ज्यांना थांबवलं त्यांचे डोळेही आम्ही विसरलो नाही.

त्या नर्सेसची नावं इंग्लंडला ब्रुकवुडच्या स्मारकावर कोरली आहेत, आफ्रिकन जवानांची नैरोबीला. हिंदी खलाशांची मात्र दगडावर नाहीत, मुंबई-चितगावच्या नोंदवहीत लिहिली आहेत.