बिग ब्लाइंड : कोणती पाने राखावीत, कोणती टाकावीत?

कोल्हापूर : तीन पत्तीत बूट सर्वांनाच टाकावा लागतो. पोकरच्या 'होल्डेम' प्रकारात हा भार प्रत्येक डावाला दोघांवरच पडतो. एकाचा 'स्मॉल ब्लाइंड', शेजारच्याचा सहसा त्याच्या दुप्पट 'बिग ब्लाइंड'. तोही पाने पाहण्यापूर्वी. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. त्यामुळे पोकरची हौस असलेल्या कोल्हापूरकराची वाट पणजीला, मांडवीतील कॅसिनो बोटींकडे वळते. तेथे बिग ब्लाइंडच्या जागी बसलेल्या नवख्यासमोर कोणी चाल वाढवली, की तो हटकून म्हणतो, 'आपले शंभर आत आहेत, सोडायचे कसे?'

ते शंभर आता त्याचे राहिलेले नसतात. पाहायचे ते एवढेच, की आणखी किती घालून किती मिळू शकेल. समजा, ब्लाइंड ५० आणि १०० आहेत. सर्वांत शेवटी चाल करणाऱ्या, म्हणजे 'बटन'वरच्या खेळाडूने २५० केले आणि स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली. पॉटमध्ये ४०० आहेत, घालायचे १५०. म्हणजे शंभरांत सुमारे २७ वेळा डाव आला तरी बरोबरी होते. उलट बाजूही पाहावी. १५० लुटण्यासाठी २५० लावणाऱ्याला शंभरांत ६३ वेळा कोणी अडवले नाही, तर हाती कोणतीही पाने असोत, तो फायद्यातच राहतो. सततची माघार म्हणजे त्याला आयते दान.

मग सगळीच पाने राखावीत काय? येथेच फसगत होते. सर्वांत रद्दी मानलेली सत्ती-दुर्रीसुद्धा एक्का-राजाविरुद्ध, मधली पाचही पाने उघडेपर्यंत टिकली, तर शंभरांत तिसाहून अधिक वेळा जिंकते. पण ती टिकत नाही. मधली पाने उघडू लागली की बिग ब्लाइंडला बटनच्या आधी बोलावे लागते, आणि जोडी न लागलेला हात पुढच्या चालीलाच सोडावा लागतो. दोन वेगळ्या पानांना पहिल्या तीन पानांत जोडी वा त्याहून चांगले काही लागण्याची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश असते.

म्हणून टिकाऊ पाने राखायची. एकाच रंगाची, म्हणजे दोन्ही किलवर वा दोन्ही बदाम, अशी अठ्ठी-सत्ती बटनविरुद्ध खुशाल राखावी; तिला फ्लश आणि सीक्वेन्स या दोन्ही वाटा खुल्या असतात. लहान जोडीही राखण्याजोगी. राजा-तिर्री वेगवेगळ्या रंगांची असेल, तर मात्र जपून. चाल वाढवणारा बटनवर नसून सर्वांत आधी बोलणारा असेल, तर त्याच्या हाती बहुधा भारी पाने असतात. तेव्हा एक्का-चौकीचा मोहही आवरावा, कारण एक्का लागला तरी समोर एक्का-राणी निघण्याची भीती असते.

अव्वल खेळाडूंचाही या जागेवरचा हिशेब दीर्घकाळात तोट्याचाच असतो. प्रत्येक वेळी पाने टाकली तर डावागणिक शंभर जातात. निवडून राखली तर त्याहून कमी. स्पर्धेत बूटही पडत असल्याने पॉट मोठा होतो. तो शंभराचा धरला तर २७ चा आकडा २३ वर येतो आणि आणखी काही हात राखण्यात बसतात. रोखीच्या टेबलावर मात्र कॅसिनो पॉटमधून आपली नाल कापून घेतो. तेथे काठावरची पाने सोडलेलीच बरी.