खिळे, वल्ही आणि आमचे दादा

नगरच्या माळीवाड्यातील आमच्या घरी बॅगाटेलची एक पाटी होती. (आताचे अहिल्यानगर, आमच्या तोंडी मात्र नगरच!) फळीवर ठोकलेले खिळे, मध्ये आकड्यांची घरे, उजव्या हाताला काठी. काठीने गोळी ढकलली, की पुढचे सारे खिळ्यांच्या मर्जीवर! "एकदा सुटली, की आपली नव्हे," असे दादा म्हणायचा.

पुढे दादा शिकागोला गेला. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून आम्हां भावांत अशी काही जुंपली, की नऊ वर्षे बोलणेच बंद.

गेल्या वर्षी मी मुलीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा तिने मला ओढूनच दादाकडे नेले. काय बोलावे, दोघांनाही सुचेना. अखेर तो म्हणाला, "चल, खाली एक गंमत दाखवतो."

तळघरात पिनबॉलचे यंत्र होते. नाव 'स्पेस मिशन'. शिकागोच्याच विल्यम्स कंपनीने १९७६ साली काढलेले. १७ जुलै १९७५ रोजी अमेरिकेचे अपोलो आणि रशियाचे सोयूझ ही याने अंतराळात एकमेकांना जोडली गेली. समोरच्या काचेवर त्याच भेटीचे चित्र!

उतरत्या फळीवर पोलादी गोळी आदळते, आपटते, घंट्या वाजतात, आकड्यांची चाके फिरतात. मधोमध एक लक्ष्य सारखे इकडून तिकडे झुलत असते. नेम धरायचा, तो ते जिथे येणार तिथला. आणि तळाशी दोन फ्लिपर. बटण दाबताच वल्ह्यांसारखी उसळून ती घरंगळणारी गोळी पुन्हा वर धाडतात!

"ही वल्ही १९४७ साली 'हम्टी डम्टी' नावाच्या यंत्रावर आली," दादा रंगात येऊन सांगू लागला. "पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने त्यांची जोडी अगदी तळाशी बसवली. हे यंत्रही त्याचेच. वल्ह्यांआधी हा खेळ म्हणजे आपली पाटीच की!"

मी जोराने यंत्र हलवले. झाले! दिवे मालवले, वल्ही निपचित.

"टिल्ट!" दादा हसला. "थोडा धक्का चालतो. फार धसमुसळेपणा केला, की गोळी गेली."

"हे नऊ वर्षांपूर्वी सांगायचेस," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. त्याने नवा डाव लावला, आणि पहिली पाळी मला दिली.

या दिवाळीला दादा नगरला आला आहे. वाटणीचे कागद अजून व्हायचेच आहेत. पण माळ्यावरची पाटी खाली आली आहे, आणि तिच्या तळाशी दोन पट्ट्या बसवण्याचा त्याने घाट घातला आहे. हातोडी मी देतो आहे!