‘चेक केबल’ आलं म्हणजे हार्डडिस्क गेली असं नाही

जूनमध्ये शाळा उघडली की जव्हार-मोखाड्याकडून मला हमखास फोन येतो. “सर, कॉम्प्युटर चालू होतो, पण विंडोज येत नाही.” काळ्या पडद्यावर ‘पीएक्सई-ई६१, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ अशी ओळ.

आमच्याकडे एकदा दहापैकी सहा मशीनवर हेच आलं. दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क गेल्या, नव्या टाका. मशीन चंद्याच्या पैशातून घेतलेल्या, त्याही जुन्या. कमिटीचं म्हणणं, भंगारात द्या. पण एकाच सुट्टीत सहा डिस्क कशा मरतील? ही गोष्ट काही मनाला पटेना.

मसला समजून घ्या. बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बायोस किंवा यूईएफआय म्हणतात. सिस्टिम कुठून उचलायची याची यादी त्याच्याकडे असते: डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क. डिस्कवरून काम झालं नाही की तो नेटवर्ककडे वळतो आणि केबल नसली की ती ओळ दाखवतो. म्हणजे केबलचा यात काही दोष नसतो.

जुन्या मशीनमध्ये तारीख आणि या सेटिंग्ज ३ व्होल्टच्या सीआर २०३२ या बटण-सेलवर टिकतात. प्लग चालू असेपर्यंत सेलवर भार नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण मेन स्विच बंद करतो, मग सगळा भार सेलवर. सेल संपला की सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ जागेवर जातात. आमच्या सहाही मशीनवर तारीख कित्येक वर्षं मागची दिसत होती. इथेच चोर सापडला!

सेल बदला. बाजारात स्वस्तात मिळतो. बदलताना प्लग काढायला विसरू नका. मग मशीन चालू करून लगेच डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१० दाबत राहा. डिस्कचं नाव आणि क्षमता दिसते का बघा. दिसत नसेल तर आतली वायर काढून पुन्हा बसवा. तरीही नाही, किंवा डिस्कमधून टक्-टक् आवाज येतोय, तर दुरुस्तीवाला खरं बोलतोय.

दिसत असेल तर तारीख लावा, डिस्क यादीत सर्वात वर घ्या, नेटवर्क सर्वात खाली. बहुतेक जण अडकतात ते पुढे. विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलं असेल आणि सेटिंग ‘यूईएफआय’वर गेली असेल, तर डिस्क दिसते पण चालत नाही. आमचं नेमकं हेच झालं होतं. आणि विंडोज येता येता निळा पडदा आला तर ‘साटा मोड’ तपासा. तो एएचसीआयवरून आयडीई झालेला असू शकतो. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आधी मोबाइलवर फोटो काढा.

डिस्क खरोखर मेलेली मशीनही फेकू नका. नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय अशाच मशीनसाठी आहे. एका बऱ्यापैकी कॉम्प्युटरवर एलटीएसपी हे मोफत लिनक्स सॉफ्टवेअर टाकलं की बाकीच्या मशीन केबलने त्याच्याकडून सिस्टिम घेतात. इंटरनेट रोज लागत नाही. स्विच आणि केबल पुरे. मोखाड्यात रेंजची बोंब असते, तिथे हे बरंच. फक्त लाइट गेली की मुख्य मशीनबरोबर सगळी लॅब बंद पडते, म्हणून त्याला आणि स्विचला यूपीएस हवाच. अशा मशीनवर मात्र नेटवर्क यादीत सर्वात वर ठेवायचं.