वर संत्रा, खाली कोण?

संत्र्याचे झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. पण ते एक झाड म्हणजे खरे तर दोन झाडे असतात, हे मला यंदाच नीट कळले.

पन्हेरीत आधी जंभेरीचे नाहीतर रंगपूर लिंबाचे बी टाकतात. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा फुटला की रोपाचा शेंडा छाटतात. मग वरचे झाड संत्र्याचे आणि मुळे दुसऱ्याची. खालच्या भागाला खुंट म्हणतात. फळ संत्र्याचेच लागते, पण जमिनीतून पाणी आणि खत आणून देतो तो खुंट.

आमच्या बगिच्यात १०० झाडे आहेत. म्हणजे होती, आता ८६ आहेत. सात वर्षांपूर्वी बाबांनी कलमे आणली, तेव्हा विकणाऱ्याने सगळी रंगपूरवरची आहेत असे सांगितले होते. नाल्याकडची आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात तिथे पाणी थांबते. तिकडच्या झाडांच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, पाने पिवळी पडली आणि दोन वर्षांत १४ झाडे वाळली. याला डिंक्या म्हणतात. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे तो होतो. (हे नाव लिहिताना मी तीनदा खोडले.)

आजीने लोणच्यासाठी दोन झाडांचे खुंटाचे फुटवे मोडू दिले नव्हते. बाबा रागवायचे, कारण फुटवा वरच्या झाडाचे खाणे पळवतो. यंदा त्या दोन्ही फुटव्यांना फळे आली. एकाचे फळ पिवळे, खडबडीत, जाड सालीचे. दुसऱ्याचे लहान संत्र्यासारखे, आतूनही नारंगी, पण चव लिंबाची. आबाजींनी पिवळे फळ हातात घेतले आणि म्हणाले, "हा तं जंभेरी हाय! आपल्याले रंगपूर म्हणून देल्ला होता ना?"

बाबा काहीच बोलले नाहीत. मग आबाजी वाकून वाकून एकेका बुंध्याचे फुटवे पाहत गेले. मला पानावरून ओळखता येत नाही, त्यांना येते. वाळलेल्या १४ मध्ये ११ झाडे जंभेरीवरची निघाली. तीन समजली नाहीत.

म्हणून जंभेरी वाईट, असे मी म्हणणार नाही. वरच्या हलक्या जमिनीत आमचे सर्वांत मोठे झाड जंभेरीवरचेच आहे, आणि फळेही त्यालाच जास्त. जंभेरी जोराने वाढते, पण पाणी साचले की डिंक्या तिला लवकर धरतो. रंगपूर कोरडेपणा जास्त सोसतो आणि डिंक्यालाही जास्त टिकतो. त्याला अजिबात होत नाही असे मात्र नाही. रंगपूर हे शहर आता बांगलादेशात आहे.

मुले मला नेहमी विचारतात, कोणता संत्रा गोड? ते बहाराचे आहे. आंब्या बहार थंडी संपताना फुलतो आणि दिवाळीच्या सुमारास तोडायला येतो, तो थोडा आंबट. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो, त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. ती जास्त गोड.

नागपूरला अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिचे काम १९८५ साली सुरू झाले. बाबा तिथे जाऊन आले. कलम घेताना डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेला पाहायचा. लावताना तो जोड मातीत पुरायचा नाही. बुंध्याला पाणी लागू द्यायचे नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावायचे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मागच्या रविवारी मी आणि ताईने ८६ बुंधे रंगवले. हात अजून निळे आहेत.

१४ खड्डे अजून रिकामे आहेत. बाबा म्हणतात रंगपूर, पण या वेळी पन्हेरीत फुटवा पाहूनच घेणार. आबाजी म्हणतात, आधी नाल्याकडे चर खोदा, मग कलमाचे बोला. वाद चालू आहे.

या फलकाखाली दोन्ही फळे ठेवली आहेत. हातात घेऊन, वास घेऊन बघा. पालकांनीही बघावीत. चाटू नका, दोन्ही आंबट आहेत.