माऊस हलेना, कीबोर्ड चालेना : दुकानात नेण्याआधी एवढे करून पाहा

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या घराघरांतून कागदपत्रांच्या फायली बाहेर निघतात. कुणाचा अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, कुणाची शिष्यवृत्ती, पुढे कुणाच्या अम्मी-अब्बांचा हजचा अर्ज. मोबाईलवरही ही कामे होतात, पण चार-पाच पानांचा फॉर्म, स्कॅन केलेले दाखले आणि ठरावीक मापाचा फोटो हे सारे जमवायला घरातला जुना डेस्कटॉपच बरा पडतो. नेमका शेवटच्या तारखेला तो रुसतो. पडद्यावर सगळे दिसत असते, पण बाण हलत नाही आणि अक्षर उमटत नाही.

मग एक तर ‘भाईजान पुण्याहून आले की बघतील’ म्हणून काम थांबते, नाहीतर सीपीयू रिक्षात घालून दुकानात जातो. यातले बरेच बिघाड घरच्या घरी, स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता दूर होतात. घरातल्या मुलींनी आणि त्यांच्या अम्मींनी तर हे मुद्दाम शिकून घ्यावे. फॉर्म मुलीचा असतो आणि तारीख कुणासाठी थांबत नाही.

आधी दुखणे ओळखा

कीबोर्डवरचे ‘कॅप्स लॉक’ किंवा ‘नम लॉक’ दाबा. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर कीबोर्डही ठीक आहे आणि संगणकही जागा आहे. दिवा पेटलेलाच राहिला आणि दाबूनही बदलला नाही, तर संगणक अडकला असण्याची शक्यता जास्त. (वायरलेस कीबोर्डला असे दिवे बहुधा नसतात.) आता माऊस उलटा करून पाहा. बहुतेक माऊसखाली लाल उजेड दिसतो. तो नसेल तर माऊसला वीजच मिळत नाही, म्हणजे वायर किंवा खाच तपासायची. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकते का, तेही बघा. घड्याळ थांबले असेल तर दोष माऊसचा नाही, संगणक ‘हँग’ झाला आहे.

एकच बंद असेल तर काम थांबवू नका

फक्त माऊस बंद असेल तर कीबोर्डने अख्खा फॉर्म भरता येतो. ‘टॅब’ने पुढच्या रकान्यात, ‘शिफ्ट’ धरून ‘टॅब’ने मागच्या रकान्यात जाता येते. यादीतून निवडायला बाणांच्या कळा, चौकोनात खूण करायला स्पेस बार आणि बटण दाबायला ‘एंटर’. माझ्या एका विद्यार्थिनीने शेवटच्या रात्री असाच प्रवेशाचा फॉर्म पूर्ण करून पाठवला. वेळ जास्त लागला, वर्ष मात्र वाचले. बाणच हवा असेल तर डावीकडची ‘ऑल्ट’ व ‘शिफ्ट’ धरून ‘नम लॉक’ दाबा आणि समोर येणाऱ्या प्रश्नाला ‘एंटर’ने हो म्हणा. उजवीकडच्या अंकांच्या कळांनी बाण फिरू लागतो आणि ५ दाबले की क्लिक होते.

कीबोर्ड बंद आणि माऊस चालू असेल, तर विंडोजमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड असतो. सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त (विंडोज १० मध्ये ‘ईझ ऑफ ॲक्सेस’) तो सापडतो. पासवर्डपाशीच अडलात तर त्याच पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील खुणेवर क्लिक करा. तिथेही हा कीबोर्ड मिळतो.

दोन्ही बंद असतील तर

आधी पाच मिनिटे थांबा. जुना संगणक अपडेट घेताना अडकल्यासारखा वाटतो. तरीही हालचाल नसेल तर पॉवरचे बटण एकदाच दाबून सोडा. बहुतेक संगणक यावर नीट बंद होतात. त्यानेही झाले नाही, तरच बटण दहा सेकंद दाबून धरा. यात जपून न ठेवलेले काम जाते, म्हणून हा शेवटचा उपाय. भिंतीवरचे बटण थेट बंद करायची सवय मात्र सोडा.

संगणक बंद झाल्यावर सीपीयूमागची विजेची वायर काढा, पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग वायर लावून सुरू करा. आत उरलेली वीज निघून जाते आणि रुसलेल्या यूएसबी खाचा बऱ्याचदा पुन्हा चालू लागतात. आणखी एक गोष्ट : विंडोजमध्ये ‘शट डाऊन’ केल्यावर संगणक अनेकदा पुरता बंद होत नाही, काही भाग पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो. ‘रीस्टार्ट’ने मात्र तो खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो.

वायर, खाच आणि सेल

यूएसबीची वायर काढून दुसऱ्या खाचेत लावा, शक्यतो सीपीयूच्या मागच्या बाजूला. पुढच्या खाचा आतून वेगळ्या वायरने जोडलेल्या असतात आणि ती वायर सैल होते. गोल पिनेचा जुना माऊस-कीबोर्ड असेल तर हिरवी खाच माऊसची आणि जांभळी कीबोर्डची. ही गोल पिन संगणक चालू असताना काढू-घालू नये. आधी बंद करा, पिन वाकली नाही ना ते पाहा, मगच सरळ बसवा.

वायरलेस असेल तर पहिला संशय सेलवर घ्या, दुसरा माऊसच्या पोटावरच्या बटणावर. त्याचा छोटा रिसीव्हर मागे लावला असेल तर पुढे आणा. पेन ड्राईव्हच्या निळ्या, वेगवान खाचेशेजारी त्याचा सिग्नल बिघडू शकतो.

बिघाड नाही, सेटिंग बदलले आहे

मुलांनी खेळताना उजवी ‘शिफ्ट’ आठ सेकंद दाबून धरली तर ‘फिल्टर कीज’ सुरू होते आणि कीबोर्ड मेल्यासारखा वागतो. ‘शिफ्ट’ पाच वेळा दाबली तर ‘स्टिकी कीज’ विचारते. दोन्ही सेटिंग्जमधून बंद करता येतात. उजवीकडचे अंक उमटत नसतील तर ‘नम लॉक’ दाबा.

आपल्या घरांत उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही भाषा संगणकावर असतात, म्हणून हे लक्षात ठेवा : पासवर्ड चुकतोय असे वाटले की आधी कोपऱ्यातली भाषेची खूण पाहा. ‘विंडोज’ची कळ धरून स्पेस दाबले की भाषा बदलते. ओळ अचानक उजवीकडून सुरू झाली तर ‘कंट्रोल’ आणि डावी ‘शिफ्ट’ दाबा. उर्दूसाठी पुन्हा उजवीकडून हवी असेल तर ‘कंट्रोल’ आणि उजवी ‘शिफ्ट’.

धूळ, तंतू आणि खरे उंदीर

आपल्या शहरात उन्हाळ्याची धूळ आहेच. शिवाय यंत्रमागाजवळच्या घरांत सुताचे बारीक तंतू उडत असतात. ते कळांखाली जाऊन बसतात. महिन्यातून एकदा कीबोर्ड काढा, उलटा धरून हलकेच थोपटा आणि मऊ ब्रशने झाडा. ओले फडके फिरवू नका. चहा सांडला तर लगेच वायर काढून कीबोर्ड पालथा ठेवा, दोन दिवस वाळू द्या, मग लावून बघा. माऊसखालच्या छिद्रात केस अडकला तरी बाण उड्या मारतो. काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत प्लास्टिकवरही तसेच होते. खाली साधा कागद ठेवून पाहा. आणि टेबलामागची वायर एकदा हाताने चाचपा. खऱ्या उंदरांनी कुरतडलेली वायर वरून दिसत नाही. वीज चालू असताना मात्र हात घालू नका.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घरगुती उपाय नकोत. संगणक बंद करा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

खोटा इशारा

कधी इंटरनेटवर अचानक लाल पडदा येतो, भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असे लिहिलेले असते आणि माऊस अडकल्यासारखा वाटतो. ही फसवणूक असते. फोन करू नका. ‘एस्केप’ थोडा वेळ दाबून धरा, मग ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’. नाहीच बंद झाले तर संगणक रीस्टार्ट करा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुकानात नेण्यापूर्वी

शेजाऱ्यांचा माऊस-कीबोर्ड तासाभरासाठी मागून आणा. तो आपल्याकडे चालला तर आपला खराब आहे. साधा नवा जोड काही शे रुपयांत येतो, त्यासाठी संगणक बदलायची गरज नाही. चांगली वस्तू टाकून नवी आणणे हा इस्राफच आहे. शेजाऱ्यांचाही चालला नाही, तर दोष खाचांमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. तेव्हा दुकान गाठा, पण घरच्या भगिनींचे फोटो, आधारच्या प्रती आणि बँकेचे कागद आधी पेन ड्राईव्हवर काढून घ्या आणि संगणकातून पुसून टाका. ते शक्य नसेल तर दुरुस्ती आपल्यासमोर करायला सांगा. ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे ऐकले की लगेच होकार देऊ नका. आधी डेटा वाचवता येईल का ते विचारा.

कीबोर्डने फॉर्म भरण्याचा आणि पडद्यावरचा कीबोर्ड उघडण्याचा सराव एखाद्या रविवारी, काहीच बिघडलेले नसताना, मुलींकडून करून घ्या. शेवटच्या तारखेला शिकायला वेळ मिळत नाही.