जुन्या जीपचे टायमिंग : कानाने नव्हे, खुणेने



उसाच्या पानात जीपचे काय काम, असे आपण विचाराल. काम आहे. ऐन आडसाली लागणीत आपल्या एका सभासदाच्या घरी नोंदीसाठी गेलो, तर कर्ता मुलगा हात गळ्यात बांधून ओट्यावर बसलेला. आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप. बॅटरी उतरली म्हणून पोराने हँडल मारले, हँडल उलटे फिरले आणि मनगट मोडले. चौकशी केली तेव्हा कळले, की आठच दिवसांपूर्वी "पिकअप वाढवून देतो" म्हणून मेस्त्रीने टायमिंग थोडे पुढे घेतले होते. त्या 'थोड्या'ची किंमत सहा आठवडे प्लास्टर आणि लागणीला मजूर.

टायमिंग म्हणजे काय?

नागपंचमीचा झोका आठवा. झोका मागे येऊन परत पुढे जायला लागला, की नेमका तेव्हा धक्का द्यायचा. झोका अजून आपल्याकडे येत असताना धक्का दिला तर आपलेच हात दुखावतात. फार उशिरा दिला तर जोर वाया जातो. पिस्टनचेही तसेच आहे. तो वर येताना पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी ते पेटवते आणि जळालेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. हा धक्का पिस्टन माथ्यावरून खाली वळताच बसला पाहिजे.

मग ठिणगी माथ्यावरच का नको? कारण मिश्रण पूर्ण पेटायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग लागतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एका हजारांश सेकंदात क्रँक १२ अंश फिरतो. म्हणून ठिणगी माथ्याच्या आधी द्यावी लागते. वेग वाढेल तशी ती आणखी लवकर लागते. ते काम डिस्ट्रिब्यूटरमधली (मेस्त्री त्याला डेल्को म्हणतात) दोन वजने बाहेर फेकली जाऊन आपोआप करतात. आपण लावायचे ते फक्त मुळातले टायमिंग.

हँडल मारताना हेच मुळातले टायमिंग आपल्या हाताशी गाठ घालते. हाताने इंजिन इतके सावकाश फिरते, की मिश्रण जवळजवळ जागच्या जागी पेटते. ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन माथा ओलांडण्याआधीच मागे ढकलला जातो आणि हँडल उलटे येते.

कानावर भरवसा का नको?

पूर्वीची रीत अशी, की टायमिंग पुढे घेत जायचे, चढावर इंजिन खटखटायला लागले की जरा मागे आणायचे. या रीतीला आता आपल्याच उसाने दगा दिला आहे! २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल खटखट दाबते. त्यामुळे टायमिंग गरजेपेक्षा बरेच पुढे गेले तरी कानाला काही कळत नाही. हँडल मात्र तितकेच जोरात उलटे येते. म्हणून खूण पाहूनच टायमिंग लावावे.

लावण्याची पद्धत

खालचे आकडे महिंद्रच्या जुन्या पेट्रोल जीपच्या चार सिलिंडरच्या हरिकेन इंजिनाचे आहेत. फियाट, अँबॅसॅडरची पद्धत हीच, पण आकडे त्यांच्या पुस्तकातले घ्यावेत. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला ठिणगीच नसते, तिला हे लागू नाही.

१. आधी पॉइंट, मग टायमिंग. हा क्रम चुकवू नका. स्विच बंद ठेवा, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलके फिरते. डेल्कोचे झाकण काढा. पॉइंट जास्तीत जास्त उघडतील इथपर्यंत इंजिन फिरवा आणि फिलर गेजने फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर करा. फट वाढली की टायमिंग पुढे जाते, कमी झाली की मागे येते. पॉइंटची टाच झिजते तसे टायमिंग मागे सरते ते यामुळेच. प्लगची फट ०.०३० इंच ठेवा.

२. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्या माणसाला हँडल सावकाश फिरवायला सांगा. अंगठा हवेने बाहेर ढकलला जाऊ लागला, की पिस्टन दाब घेऊन वर येतोय असे समजावे.

३. आता पुढच्या पुलीची खूण माथ्याआधी ५ अंशांवर आणा. काही इंजिनांत ही खूण मागे फ्लायव्हीलवर असते आणि खिडकीतून दिसते. खूण पुढे निघून गेली तर बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर दात्यांमधला ढिलेपणा आकडा चुकवतो. रोटरचे तोंड पहिल्या सिलिंडरच्या वायरकडे हवे. ते समोरच्या बाजूला असेल तर इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा.

४. कॉइलची मधली जाड वायर डेल्कोतून काढून ब्लॉकला टेकवा. बॅटरीच्या व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. त्याची एक तार डेल्कोच्या बारीक वायरच्या नटाला, दुसरी ब्लॉकला लावा. स्विच चालू करा. डेल्कोचा क्लँप ढिला करून तो रोटरच्या फिरण्याच्या दिशेने बल्ब विझेपर्यंत वळवा, मग उलट दिशेने अगदी हळू. बल्ब ज्या क्षणी लागला, त्या क्षणी पॉइंट उघडले आणि तिथेच ठिणगी पडणार. क्लँप आवळा, स्विच लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

५. वायरी रोटरच्या दिशेने १-३-४-२ या क्रमाने लावा.

एवढे करूनही इंजिन मरगळलेले राहिले, तापू लागले, सायलेन्सरमध्ये फटफटले, तर आधी पॉइंटची फट पुन्हा पाहा. इंजिन नुकतेच खोलून बांधलेले असेल, तर आतल्या टायमिंग गिअरच्या खुणा एकमेकींसमोर बसल्या नसण्याचीही शक्यता असते. ते काम चांगल्या मेस्त्रीचे, तिथे डेल्को फिरवून उपयोग नाही. इंजिन चालू असताना वाकून पाहायचे तर उपरणे, टॉवेल खांद्यावरून काढून ठेवा. पंखा कुणाला ओळखत नाही. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही तपासून घ्या. इथेनॉलने जुने रबर फुगते व चिरते.

आणि हँडल मारायचेच झाले तर

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली कधीही दाबायचे नाही. मग ते उलटे आलेच तर हात सुटून जातो. पोराटोरांच्या हाती हँडल देऊ नये.

ऊस कच्चा तोडला तर उतारा मिळत नाही, उशिरा तोडला तर वजन घटते, हे आपल्याला सांगायला नको. तोडीची तारीख आपण अंदाजाने ठरवत नाही, रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स पाहतो. ठिणगीलाही तेवढाच मान द्या. एक फिलर गेज, एक बल्ब आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे.

त्या मुलाचे प्लास्टर निघाले आहे. जीपचे टायमिंग आम्ही दोघांनी बल्ब लावून पाहिले. खुणेपासून ते कितीतरी पुढे होते. आता ५ अंशांवर आणले आहे. नवी बॅटरीही त्याने घेतली, हे बरे केले.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी