थंड देशातली केळ

कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे आता ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. तिथे मुलाकडे राहायला गेलेल्या आईला घरामागची छोटी बाग दिसली की आपल्या परसातली केळ आठवते. मग हौसेने एखादे रोप आणले जाते. उन्हाळाभर ते तरारते. नोव्हेंबरातल्या एखाद्या रात्री दव गोठते आणि सकाळी पाने काळी पडून लोंबू लागतात. रोप मेले असे समजून ते उपटून टाकले जाते, आणि पुष्कळदा चूक होते ती इथेच. पान गेलेले असते, पण कंद जिवंत असतो.

थंडीचे काम समजून घेतले तर निम्मे नुकसान टळते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीतली ऊब निघून जाते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खालच्या कुंपणाशी साचते, म्हणून बागेतला खोलगट कोपरा नाजूक रोपाला देऊ नये. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा चांगली, कारण दिवसा तापलेल्या विटा रात्री ऊब देतात. गोठलेल्या पानावर सकाळचे ऊन एकदम पडले तर इजा वाढते, म्हणून पूर्वेची जागा टाळावी. पाणी साचणारी जमीनही नको. थंड, ओल्या मातीत मुळे कुजतात.

आता रोपांची निवड. नवख्याने सुरुवात फॅट्सिया जपोनिकापासून करावी. पंज्यासारखी रुंद, चकचकीत पाने वर्षभर हिरवी राहतात. शून्याखाली काही अंशांपर्यंतची थंडी ते सोसते आणि सावलीतही वाढते. ते केवळ शोभेचे आहे, त्याची काळी फळे खाऊ नयेत.

दुसरे झुडूप अंजीर. कुरआनातील ‘अत्-तीन’ या सूरहचे नावच अंजिरावरून आहे. हिवाळ्यात त्याची पाने आपोआप गळतात, त्यामुळे पाने काळी पडण्याची चिंता नसते. तिथे ‘ब्राऊन टर्की’ ही जात सर्रास लावतात. मोठ्या कुंडीत मुळे थोडी अडवून ठेवली तर फळ अधिक धरते. छाटणी करताना हातमोजे घालावेत. चीक अंगावर पडून ऊन लागले तर फोड येतात. पाखरांनी चार फळे खाल्ली तर हळहळू नये. लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशी हदीस आहे.

तिसरी केळ. आपल्याकडची खाण्याची केळ तिथे उघड्यावर टिकत नाही. ‘मुसा बास्जू’ ही जात मात्र टिकते. तिला जपानी केळ म्हणतात, पण ती मूळची चीनची. तिची फळे बियांनी भरलेली असतात, खाण्याजोगी नसतात. ती लावायची पानांसाठी.

पहिल्या थंडीने पाने काळवंडली की ती कापावीत. खोडाभोवती जाळीचे कडे उभारून त्यात कोरडे गवत किंवा पाचोळा ठासून भरावा. वरून पाऊस आत जाणार नाही असे झाकण ठेवावे. बुंध्यावरही पाचोळ्याचा जाड थर द्यावा. प्लास्टिक खोडाला घट्ट गुंडाळू नये. आत ओल साठून खोड कुजते. वसंतात, थंडीची भीती सरल्यावर, हे आवरण काढावे. इंग्लंडमध्ये मे महिन्यातही एखादी रात्र गोठवून जाते, म्हणून घाई नको.

अल्लाहवर भरवसा ठेवून उंट मोकळा सोडू का, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला सांगितले आणि मग भरवसा ठेवायला. बागेतही हाच क्रम आहे. जागा नीट निवडावी, बुंधा झाकावा, मग निकाल अल्लाहवर सोपवावा.

एवढे करूनही एखाद्या कडक हिवाळ्यात खोड पार मऊ पडेल. ते जमिनीलगत कापा, पण कंद उकरू नका. जूनपर्यंत वाट पाहा. कंद वाचला असेल तर बाजूने हिरवी सुरळी वर येईल, आणि घरातल्या मुलांना आजीच्या परसातले पान कसे उलगडते ते स्वतःच्या अंगणात पाहता येईल.